मुहूर्ताला कोणी हसलं नाही

इंदूरच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. वहिनीला सातवा लागला आणि तिने बाळंतपणाच्या तयारीच्या क्लासला नाव घातलं. रामबागेतल्या आत्याचा निकाल लगेच आला: "श्वास घ्यायलाही आता फी? आम्ही काय नाक दाबून बाळंत झालो?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

याच ग्रुपवर चुलतबहिणीच्या सीझरचा मुहूर्त काढला, तेव्हा मात्र सगळे गंभीर होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सीझरची निघाली, सरकारीतली १४. खासगीत जाणाऱ्या एवढ्या बायका अडतात? ती फी कोणाला खुपत नाही.

मी इथे इंग्लंडात, लीड्सला, असा क्लास केला. कळ चढताना श्वास लांब सोडायचा, जबडा-खांदे सैल ठेवायचे, ओसरली की निवांत पडायचं. भीतीने अंग आखडतं आणि आखडलं की जास्त दुखतं, हे ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३३ मध्येच मांडलं होतं. दुखायचं ते दुखतंच, पण हातपाय गाळून बसावं लागत नाही. सीझर खरंच कधी लागतं, तेही मिडवाइफने तिथेच सांगितलं.

यावर दादाने इथल्या श्रूसबरीच्या दवाखान्यांतल्या बाळंतपणांच्या चौकशीचा, २०२२ चा ऑकेंडन रिपोर्ट तोंडावर मारला. तिथे सीझर टाळण्याच्या नादात बाळं आणि बायका दगावल्या, हे खरंच. पण हट्ट वेगळा, तयारी वेगळी. आणि इथे निदान चौकशी होऊन ती छापली तरी जाते!

खरं म्हणजे मी डिक-रीडसाठी गेलेच नव्हते. कळा सुरू झाल्या की निघायचं कधी, हे विचारायला इथे घरातलं कोणी नव्हतं. क्लासच्या हॉलमध्ये एकीची आई फ्लास्क घेऊन बसायची, तिचा मला उगाच राग यायचा. पुढे लेबर वॉर्डात गॅस अँड एअरची, म्हणजे कळा सोसायला ओढायच्या वायूची नळी तोंडातून काढून काढून मी मिडवाइफला 'सॉरी' म्हणत होते. आत्या असती तर म्हणाली असती, "आरड गं हवं तेवढं."

सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी घरातल्या बाईला सोबत थांबू द्यायला केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली, तीही शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी असं म्हणून. खासगीवाल्यांना आत्ताच विचारून ठेवा. आणि आत्या, वहिनीबरोबर क्लासला तूच जा. मला रजा मिळत नाहीये.