माळरानात वाघ कुठे बसवणार?

प्रेक्षक आत शिरला की पुण्याच्या आसपासचे वन्यजीवन त्याला चहूबाजूंनी वेढून टाकेल असे दालन उभारायचे, एवढ्या एका ओळीच्या कामात किती जणांची किती मते दडलेली असतात, हे संग्रहालयाच्या समितीसमोर आराखडा मांडल्याखेरीज कळत नाही. मी माळरान मांडले होते. भीमाशंकरला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, पुण्याच्या वाट्याला त्यातले सातशेच्या आसपास येतात आणि सासवड-सुप्याकडे त्याहूनही कमी. त्यामुळे तेथे झाडांचे नव्हे, गवताचे राज्य आहे आणि त्या गवतात लांडगा, तरस, खोकड, चिंकारा आणि धाविक पक्षी सुखाने नांदतात. समितीतील ज्येष्ठ काकांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ठीक आहे, पण वाघ कुठे बसवणार?"

वाघ येथे राहत नाही, असे मी नम्रपणे सांगितले. मग बिबट्यावर तडजोड सुचवण्यात आली. परंतु जुन्नरचा बिबट्या उसात मुक्काम ठोकून आहे आणि ऊस लावला तर दालनाचे कृषी प्रदर्शन होईल. अखेर राज्यप्राणी म्हणून शेकरूवर एकमत झाले. भीमाशंकरच्या झाडांच्या शेंड्यांवरून क्वचितच खाली उतरणारा हा प्राणी समितीला मात्र सेल्फीच्या उंचीवर हवा होता.

त्यानंतर रंगाचा प्रश्न निघाला. पावसाळा सरला की माळरान पिवळे पडते आणि वर्षाचा बराचसा काळ तसेच राहते, हे पटवून देताना माझा घसा कोरडा पडला. "लोक म्हणतील, पाणीच घालत नाहीत," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या सदस्यांनी थोडी झाडे लावण्याची सूचना केली. त्यांना तरी दोष कसा द्यावा? मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प आपल्या टेकड्यांवर लावून आपण गावभर समाधानाने हिंडतोच आहोत.

ध्वनी पुरवणाऱ्या गृहस्थांनी तरसाचे खदखदून हसणे आणले. ते हसणे आफ्रिकेतील ठिपकेवाल्या तरसाचे होते. आपला पट्टेवाला तरस मुळात अबोल आहे. गंध पुरवणाऱ्यांनी 'जंगल' अशी चिठ्ठी लावलेली बाटली उघडली आणि सगळ्या दालनाला नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास सुटला, कारण तो वास चीडवृक्षाचा होता आणि चीड सह्याद्रीत उगवत नाही. लांडगा घडवण्याचे काम गणपतीतील हलत्या देखाव्यांच्या एका मुरब्बी कारागिराकडे होते. लांडगा देखणा झाला. पण त्याच्या मानेत पूर्वी एका राक्षसाला डोलावणारी मोटर बसवल्यामुळे तो समोर येणाऱ्या प्रत्येकाला आदराने होकार देत असे. समितीच्या बैठकांत मला त्याचा हेवा वाटू लागला.

गवत मात्र मी खरेच लावले, तेही कुसळीचे. कुसळ हाती घेऊन पाहावे: टोकाला सुईसारखे बी, त्यावर मागे वळलेले राठ केस, म्हणजे एकदा शिरले की परत फिरणे नाही, आणि मागे पीळ पडलेली काळसर शेपटी. दमट हवेत हा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यातून बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखे रुतवून घेते. आमच्या दालनात सकाळी धुक्याचे यंत्र चालू असे आणि दुपारी वातानुकूलन. परिणामी गळलेली कुसळे दिवसभर मनोभावे गालिच्यात शिरत राहिली आणि पाहणीच्या दिवशी गालिच्यावरून समितीच्या पायमोज्यांत व साड्यांच्या काठांत गेली. दालनातील एवढा एकच घटक प्रेक्षकांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

काका बाकावर बसून कितीतरी वेळ कुसळे वेचत होते. वेचलेले प्रत्येक कुसळ ते रुमालावर ओळीने मांडत होते. एक उजेडात धरून त्यांनी त्याचा पीळ निरखला, बोटाने फिरवून पाहिला आणि चेहऱ्यावर प्रथमच कुतूहल उमटले.

"हे कुठून मागवले?"

"सासवडजवळच्या एका शेताच्या बांधावरून."

"वाहतूक खर्च किती दाखवला आहे?"

"काहीच नाही, काका. माझ्याच ओढणीला चिकटून आले."