घोड्याचा फेरफार

एखादी मालिका मन लावून पाहायची असेल तर ती चारचौघांत पाहू नये, आणि त्या चारचौघांत आपले काका असतील तर मुळीच पाहू नये. ‘बोजॅक हॉर्समन’ या बोलणाऱ्या घोड्याच्या ॲनिमेटेड मालिकेचा सहावा आणि शेवटचा सीझन नेटफ्लिक्सने दोन तुकड्यांत सोडला. पहिले आठ भाग २५ ऑक्टोबर २०१९ रोजी आले. त्या दिवशी धनत्रयोदशी होती, आदल्याच दिवशी विधानसभेचे निकाल लागले होते आणि परतीच्या पावसाने सोयाबीनची माती केली होती. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या घोड्याची विचारपूस करायला कोणालाही सवड नव्हती. उरलेले आठ भाग ३१ जानेवारी २०२० रोजी आले, तोवर कापूस घरात येऊन पडला होता, आणि मी ते भाग तालुक्याच्या गावाहून लॅपटॉपवर उतरवून आणल्याची बातमीही घरभर झाली होती.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने मला फोनवर बजावले होते, “मामा, एकट्यानेच पाहा, आणि रुमाल जवळ ठेवा.” रुमाल होता. एकांत मात्र आमच्याकडे कापसाच्या दिवसांत मिळत नाही, कारण पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असते आणि घरातली सगळी माणसे मधल्या खोलीत, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असतात. मी धान्याच्या कोठीवर लॅपटॉप ठेवला. मोठी आई सूप घेऊन तूर पाखडत समोर बसली, वहिनी पोळ्या आटोपून आली, काका खाटेवर आडवे झाले आणि सालदार दाराशी उकिडवा बसला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असे त्यांना रीतसर निमंत्रण देणाऱ्या या मंडळींना घोडा कोट घालून बोलतो याचे तिळमात्र नवल वाटले नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. हा घोडा काम काय करतो, असे सालदाराने विचारले. नव्वदच्या दशकात त्याने तीन अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या घोड्याची भूमिका एका टीव्ही मालिकेत केली आणि त्या पैशावर तो डोंगरावरच्या बंगल्यात दारू पीत बसला आहे, असे मी सांगितले. सालदाराने तंबाखू मळता मळता थोडा विचार केला आणि म्हणाला, “म्हंजे एकडाव नांगरलं आन् जिंदगीभर खाल्लं. असा साल आपल्याले कोनी देते काय भाऊ?” मालिकेचे कर्ते राफेल बॉब-वाक्सबर्ग यांनी २०१४ पासून जे दुःख इतक्या बारकाईने रंगवले, ते आमच्याकडे असे पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाले.

मागची गोष्ट कळावी म्हणून आधीचे काही भागही दाखवावे लागले. मूळ संवाद इंग्रजी, त्यामुळे घोड्याच्या वतीने वऱ्हाडीत बोलण्याचे काम माझ्याकडे आले. तिसऱ्या सीझनमधला समुद्राखालचा, जवळजवळ निःशब्द भाग मला त्या एकाच कारणासाठी सर्वोत्तम वाटतो. पाचव्या सीझनमध्ये मात्र घोडा आईच्या अंत्यविधीला उभा राहून अख्खा भाग एकटाच बोलतो, आणि तो बोलला तितके सगळे मलाही बोलावे लागले. माझा घसा बसला तेव्हा मोठी आई म्हणाली, “बाप्पा, एवढा बोलला, पन रडला काय थो?” हा प्रश्न, खरे सांगायचे तर, मला पुष्कळ समीक्षांपेक्षा मोलाचा वाटला, पण घशामुळे तसे म्हणता आले नाही.

शेवटून दुसऱ्या भागात बुडत असलेल्या घोड्याला मेलेली माणसे एका टेबलाभोवती जेवायला बसलेली दिसतात. या भागाने भाच्याची झोप उडवली होती. काकांनी मान वर करून पाहिले आणि सर्वपित्री अमावस्या आहे असे जाहीर केले. मोठ्या आईने कावळा शिवला का म्हणून विचारले. मृत्यूच्या दारापुढची ती भीती मी जमेल तितकी समजावून सांगत होतो. तेवढ्यात थ्री फेजची लाईन आली आणि काका व सालदार हरभऱ्याची मोटार सुरू करायला निघून गेले. घोडा त्यांच्यासाठी तसाच पाण्यात थांबला.

शेवटच्या भागात प्रिन्सेस कॅरोलिन नावाच्या मांजरीचे लग्न तिच्या जुन्या सहायकाशी, म्हणजे एका माणसाशी होते. वहिनीला ते स्थळ पसंत पडले, कारण मुलगा हिशोबाला चोख होता. फक्त एवढ्या लग्नात एकही पंगत दाखवली नाही याचे तिला वाईट वाटले. त्या लग्नाला घोडा तुरुंगातून एका दिवसाची सुटी घेऊन येतो, आणि तो तुरुंगात का गेला या प्रश्नावर मात्र आमचे घर पहिल्यांदाच घोड्याच्या बाजूने उभे राहिले. घर विकल्यावर तो त्याच घरात शिरला, म्हणून त्याला चौदा महिन्यांची शिक्षा झाली होती.

काका ताडकन उठून बसले. नाल्याकाठचे वावर विकून त्यांना बरीच वर्षे झाली, तरी सकाळी ते अजून त्याच धुऱ्यावरून फिरून येतात. “इकलं म्हनून का पाय ठेवू नये मानसानं? खरेदीखत झालं असन, पन फेरफार झाला होता काय? सातबाऱ्यावर नाव कोनाचं होतं?” सातबारा मालिकेत दाखवलेला नाही, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला भाच्याला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर सुरू करवला.

“पाहिलं का मामा?” भाचा जड आवाजात म्हणाला. “ते गच्चीवरचं शेवटचं बोलणं...”

“बोलनं राहू दे,” काका म्हणाले. “त्या घराचा फेरफार झाला होता काय ते सांग.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग भाचा अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाला, “आबाजी, तो कॅलिफोर्नियात राहतो.”

“राहो ना बाप्पा. तिथला तलाठी कोनत्या वारी बसते, ते इचार.”