सतरंजी माझ्यामागे आली

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या इमारतीत गेले होते. तिळगूळ झाला, वाण मिळालं (चहाची गाळणी, आता सहा झाल्या), आणि "निघते हं" म्हणून उठले. मी उठले, तशी सतरंजीही उठली. डाव्या टाचेच्या भेगेत तिची दशी अशी अडकली होती, की पहिल्याच पावलाला सतरंजीचा कोपरा, त्यावरचं पानसुपारीचं तबक आणि एका आजींचा तोल, तिन्ही माझ्याबरोबर निघाले.

मग बारा बायका माझ्या टाचेभोवती जमल्या. एवढं लक्ष लग्नात माझ्या चेहऱ्याकडेही कुणी दिलं नव्हतं. एकीने मेण आणि मोहरीचं तेल सांगितलं, दुसरीने केळ्याचं साल, तिसरीने काशाच्या वाटीने तूप चोळायला. साताऱ्याकडच्या काकूंनी चष्मा लावून पाहिलं आणि "जळवात आहे ही" असा निकाल दिला. आजी अजून सुपाऱ्या वेचत होत्या.

घरी येऊन रागारागाने वज्री घेतली आणि कढईचा तळ खरवडावा तशी टाच खरवडली. रक्तच आलं. रात्री पाय लांब केला की चादरीवर खर्र. "सुताराला बोलवू का?" पलीकडून आवाज आला. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाला सुचलेला हा दुसरा विनोद.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी टाचेआधी माझ्या मागून उघड्या, पातळ तळाच्या चपला पाहिल्या आणि मान हलवली. तळपायाला म्हणे तैलग्रंथीच नसतात. घाम येतो, तेल सुटत नाही. उभं राहिलं की टाचेखालची चरबीची गादी बाजूंना पसरते. कडेचं कातडं मऊ असेल तर ताणलं जातं, वाळून राठ झालं असेल तर तडकतं. "गादी पसरते" म्हणताना त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, हे मी विसरलेले नाही. रक्तातली साखर तपासायला सांगितली. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, भेग चिघळली तरी कळत नाही. माझी तर ठणकत होती. दुखण्याचा असा आनंद पहिल्यांदाच झाला.

औषध म्हणून युरियाचं मलम! माहेरी शेती, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर गोणीच आली. पण तो कातडीत पाणी धरून ठेवतो आणि राठ थर सैल करतो म्हणे. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय, हलक्या हाताने घासणं, पाय टिपून ओलसर असतानाच मलम, वर सुती मोजे. भेगेवर ब्लेड चालवायचं नाही. (हे सांगताना त्यांनी माझ्या हातांकडे का पाहिलं कोण जाणे.)

सासूबाई राजापूरच्या. ट्यूब उलटसुलट करून त्या ट्रंकेकडे गेल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुठेलाचा गोळा घेऊन आल्या. आमसुलं करून उरलेल्या कोकमाच्या बियांचं हे तेल. थिजत आलं की मुठीत वळतात, म्हणून मुठेल. गोळ्यावर कुणाची तरी चार बोटं स्पष्ट उमटलेली होती. ३८ ते ४० अंशांना वितळतं, त्यामुळे जानेवारीत नुसता दगड. सासूबाईंनी पळीत तुकडा टाकून गॅसवर धरला. "अगो, टाच आहे की वैशाखातलं भातखाचर?" म्हणत पहिला थेंब थेट भेगेत सोडला. कढत! माझी किंकाळी ऐकून वॉचमन वर आला.

पुढे तह झाला: सकाळी मलम, रात्री मुठेल, तेही कोमट. मोजे घालून गुळगुळीत फरशीवरून बाथरूमपर्यंत जायला पहाटे मला भिंतीचा आधार लागे. पण महिन्याभरात चादर गप्प झाली.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्याच घरचा फोन आला. मी नवी सँडल घेतली होती, ती दारातच काढून टाचा मिरवत आत जायचं, असं ठरवूनच "येते" म्हटलं.

"नक्की या हं वहिनी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय."