बरे झालेले जनावर आभार मानत नाही

मी पशुवैद्यकीय व्यवसायात आहे असे सांगितले की समोरची व्यक्ती बहुधा एकच वाक्य बोलते, ‘मुक्या जिवांचे आशीर्वाद मिळत असतील तुम्हाला.’ बोलणाऱ्याच्या मनातला आदर खरा असतो, याविषयी मला शंका नाही. मात्र आमच्या कामातून मिळणारे समाधान नेमके कुठून येते याविषयी त्या वाक्यात एक गैरसमज आहे आणि त्यावर सविस्तर लिहावे असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. आमचा रुग्ण आम्हाला आशीर्वाद देत नाही. त्याच्या लेखी आम्ही सुई टोचणारी, दुखऱ्या जागी दाबून पाहणारी, जबडा उघडून औषध घालणारी अनोळखी माणसे असतो. ज्या कुत्र्याचा जीव शस्त्रक्रियेने वाचला, तोच पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारात पाय रोवून उभा राहतो आणि आत यायला नकार देतो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्या स्मरणात वेदना आणि आम्ही एकाच जागी नोंदलेले असतो. असे असूनही या कामात इतकी वर्षे मन रमते. आभारांची अपेक्षाच नसल्यामुळे हे समाधान फार काळ टिकते, असे माझे ठाम मत आहे.

दुग्धज्वराचे उदाहरण घेते, कारण आमच्या विद्येत इतक्या लवकर फळ देणारे उपचार थोडेच आहेत. गाय व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, विशेषतः ती भरपूर दूध देणारी आणि तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वेताची असेल तर, रक्तातील कॅल्शियम चिकात आणि दुधात इतक्या झपाट्याने उतरते की हाडांतून आणि आतड्यांतून त्याची भरपाई वेळेत होत नाही. स्नायूंच्या आकुंचनाला कॅल्शियम लागते. ते कमी पडले की गाय आधी अडखळते, मग बसते, मान वळवून डोके कुशीवर टाकते आणि उपचार मिळाले नाहीत तर काही तासांत बेशुद्ध होऊन दगावते. तिला ताप नसतो. उलट अंग गार पडलेले असते, कान थंड लागतात आणि नाकावरचा ओलावा सुकलेला असतो. अशा वेळी कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे द्रावण शिरेतून द्यायचे, तेही सावकाश, कारण जीव वाचवणारे तेच औषध घाईने दिले तर हृदय बंद पडू शकते. त्यामुळे द्रावण जात असताना सगळे लक्ष हृदयाच्या ठोक्यांकडे लागलेले असते. बाटली संपत येते तशी अंगावर बारीक थरथर उठते, नाक पुन्हा ओलसर होते, ढेकर येतो, गाय शेण टाकते, लघवी करते आणि पुष्कळदा तासाभरातच पाय पोटाखाली घेऊन उठून उभी राहते. उठल्यावर ती माझ्याकडे पाहत नाही, वासरू कुठे आहे ते पाहते. त्या क्षणी होणारा आनंद मी दुसऱ्या कोणत्याही कामात अनुभवलेला नाही.

अडलेल्या गाईचे वासरू मोकळे केल्यावर, त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढून त्याने पहिला श्वास घेतल्यावर काय वाटते, याविषयी अनेकांनी लिहिले आहे. त्यात मी भर घालत नाही. ज्याविषयी फारसे बोलले जात नाही ते निदानाचे सुख मला अधिक महत्त्वाचे वाटते. रुग्ण बोलत नाही ही आमची मोठी अडचण मानली जाते आणि ती आहेच. पण तिच्यामुळेच पाहण्याची जी सवय लागते ती माणसाला आतून बदलते. पुढच्या पायाने लंगडणारा कुत्रा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलतो. पोटात कळा येणारा घोडा वळून वळून आपल्याच कुशीकडे पाहतो. खाद्याबरोबर तार किंवा खिळा गिळलेली गाय पाठीला बाक देते, कोपर बाहेर काढून उभी राहते आणि उतारावरून चालताना कण्हते. ससा दुखणे इतके लपवतो की त्याने खाणे थांबवले हीच त्याची तक्रार समजायची आणि तेवढ्यावरून तातडीने हालचाल करायची. रुग्णाने एक शब्दही न सांगता त्याला काय होते आहे हे जेव्हा उलगडते, तेव्हा एका वेगळ्या जातीच्या जिवाशी आपली ओळख पटल्यासारखे वाटते. हे सुख केवळ बुद्धीचे आहे, असे मी म्हणणार नाही.

जनावराबरोबर माणूसही आलेला असतो आणि आमच्या समाधानाचा फार मोठा भाग त्याच्याकडून येतो, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. ज्याचा चरितार्थ चार जनावरांवर चालतो आणि ज्याच्या एकाकी घरात एक मांजरच काय ते सोबतीला असते, त्या दोघांच्या चिंतेत मला प्रतवारी करता येत नाही. ‘तुम्ही सांगाल तसे करू,’ असे म्हणून माणूस आपल्या ताब्यातला जीव आमच्या हाती देतो, तेव्हा तो विश्वास पेलण्यातच मोठे मोल आहे. उपचार यशस्वी होवोत अथवा न होवोत.

हे सर्वांत प्रकर्षाने जाणवते ते दयामरणाच्या वेळी. बाहेरच्या लोकांना हा आमच्या कामाचा काळा भाग वाटतो आणि ‘हे तुम्हाला कसे जमते?’ असा प्रश्न ते विचारतात. माझे उत्तर कदाचित अनपेक्षित वाटेल. मूत्रपिंडे निकामी झालेली मांजर किंवा हाडाच्या कर्करोगाने पाय टेकवू न शकणारा कुत्रा, ज्याच्यासाठी करण्यासारखे सगळे करून झाले आहे, त्याला भूल देणाऱ्या गटातलेच औषध मोठ्या मात्रेत देऊन शांतपणे जाऊ देणे, हे मी या व्यवसायातील सर्वांत जबाबदारीचे आणि सर्वांत समाधान देणारे काम मानते. योग्य मात्रेत शिरेतून दिल्यावर शुद्ध काही सेकंदांत हरपते, श्वास आणि हृदय त्यानंतर थांबते, म्हणजे जे घडते ते त्या जिवाला जाणवत नाही. त्याआधीचे संभाषण मात्र सावकाश व्हावे लागते. अजून थोडे थांबावे का, आपण घाई तर करत नाही ना, हा प्रश्न मालक पुनःपुन्हा विचारतो आणि त्याला दरवेळी तितक्याच गांभीर्याने उत्तर द्यायचे असते. तो खातो का, उठतो का, माणसे घरी आल्यावर त्याला आनंद होतो का, हे एकत्र बसून तपासायचे असते. निर्णय झाल्यावर मालकाला शेवटपर्यंत जवळ बसू द्यावे, त्याला रडू द्यावे आणि पुढच्या रुग्णाची घाई करू नये, असे माझे मत आहे. त्या खोलीतून बाहेर पडताना मन जड असते. पण एका जिवाच्या शेवटच्या तासांतून वेदना वजा करता आली याची जाणीव त्या जडपणापेक्षा अधिक काळ सोबत राहते.

काही समाधान असे असते की त्याला चेहराच नसतो. बुळकांडी या गुरांच्या रोगाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतील बहुतांश गुरे मारली आणि इथिओपियात त्यापाठोपाठ भीषण दुष्काळ आला. वॉल्टर प्लॉराइट यांनी केनियात विकसित केलेली लस आणि अनेक देशांतल्या पशुवैद्यकांनी, लसटोचकांनी व पशुपालकांनी दशकानुदशके केलेली पायपीट यांच्या बळावर २०११ साली हा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला तो केवळ दुसरा रोग आहे. आज जी गाय बुळकांडीने मरत नाही तिच्या मालकाला रोगाचे नावही ठाऊक नसते. कुत्र्यांना रेबीजची लस टोचताना मला नेहमी याची आठवण होते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणे कुत्र्यांमुळे होतात आणि एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण टिकवून ठेवले तर तिथला प्रसार थांबवता येतो. दिवसभर लसी टोचून हात अवघडतात, पण त्यातली कोणती लस एखाद्या लहान मुलाचा जीव वाचवून गेली हे कधीच कळणार नाही, ही गोष्ट मला खंतीची न वाटता अभिमानाची वाटते.

हे सगळे वाचून कोणी या व्यवसायाचे केवळ गोड चित्र मनात धरू नये. अनेक देशांतील अभ्यासांत पशुवैद्यकांमधील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळले आहे. अवेळी येणारी बोलावणी, पैशाअभावी अर्धवट सोडावे लागणारे उपचार आणि संतप्त मालकांचे बोल यांचा भार खरा आहे. समाधानाने तो भार हलका होतो, पण नाहीसा होत नाही. त्यासाठी विश्रांती, सहकाऱ्यांशी मोकळे बोलणे आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावीच लागते. ‘प्राण्यांवर प्रेम आहे ना, मग सहन करा,’ हा सल्ला कोणत्याही तरुण सहकाऱ्याला कृपया देऊ नका.

प्राणी पाळणाऱ्यांना मात्र एक विनंती करायची आहे. बरे झालेले जनावर सहसा पुन्हा दवाखान्यात येत नाही. प्रकृती बिघडली की आम्हाला रात्रीदेखील निरोप मिळतो; सुधारली की बहुतेक वेळा काहीच कळत नाही आणि आम्ही आमच्या परीने अंदाज करत राहतो. त्यामुळे तुमचे जनावर उठून उभे राहिले, रवंथ करू लागले, मांजराने पुन्हा ताटली चाटून पुसून ठेवली, तर तेवढे दोन ओळींत आपल्या डॉक्टरांना कळवा आणि जमल्यास फोटो पाठवा. दिलेला उपचार कितपत लागू पडला हे त्यांना त्यातूनच समजेल आणि तशाच पुढच्या रुग्णासाठी त्याचा उपयोग होईल.