‘स्टाफ’ हा विज्ञानाचा विषय नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

मी इंग्लंडमधल्या एका केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या निवासी संस्थेत, नर्स आहे. अशा केअर होममधल्या नर्सिंगवर आधी कुठलं संशोधन व्हावं, हे तिथल्या नर्स, राहणारी माणसं आणि त्यांच्या घरच्यांना विचारून ठरवावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘त्यांना विचारलंत तर पगार, स्टाफ आणि जेवण एवढंच ऐकायला मिळेल. विषय संशोधकांनीच ठरवावेत.’

जेवणाचं खरं आहे. आमच्याकडचा उकडलेला कोबी एकदा खाऊन बघा, तुम्हीही आधी त्याबद्दलच लिहाल. पण स्टाफ ही नुसती कुरकुर आहे, हे पटलं नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांनी 2002 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. शस्त्रक्रिया झालेला एकेक पेशंट नर्सच्या वाट्याला वाढला, की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे झालं वॉर्डाचं. मी रात्री 38 जणांना एकटी नर्स असते, सोबत तीन केअरर (रोजची काळजी घेणारे मदतनीस) आणि डॉक्टर फोनवर. आमची माणसं पाच दिवसांनी डिस्चार्ज घेऊन जात नाहीत, वर्षानुवर्षं राहतात. त्यांना वॉर्डाचं गणित कसं लावायचं?

दुसरं उदाहरण लघवीच्या पट्टीचं, म्हणजे रंग बदलून संसर्गाचा अंदाज देणाऱ्या तपासणीच्या पट्टीचं. इथे नवी असताना एका केअररने सांगितलं, ‘आजी आज गोंधळल्यासारखं करतायत.’ मी लघवीत पट्टी बुडवली, रंग बदलला, फोन केला, अँटिबायोटिक सुरू. चार दिवसांनी कळलं, आजींना बद्धकोष्ठता होती! केअर होममधल्या निम्म्यांपर्यंत लोकांच्या लघवीत संसर्ग नसतानाही जंतू असतात, आणि कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. म्हणून आता इथली मार्गदर्शक सूचना सांगते की 65 वर्षांवरच्यांमध्ये संसर्ग ठरवायला पट्टी वापरू नका. ठीक. मग माणसाचं वागणं अचानक बदललं तर रात्री दोन वाजता आधी काय बघायचं? हा प्रश्न खाटेशी उभ्या असलेल्या बाईलाच पडतो.

आणि जो काही प्रश्न येईल तो तसाच यादीत जात नाही. पेशंट, घरचे आणि उपचार करणारे यांना एकत्र बसवून संशोधनाचे विषय ठरवणाऱ्या, 2004 पासून काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या जेम्स लिंड अलायन्सची पद्धत बघा: आलेले प्रश्न आधीच्या संशोधनाशी ताडून बघतात, उत्तर सापडलेले गाळतात, उरलेल्यांतून चर्चा करून पहिले दहा काढतात. तिथे निव्वळ संशोधक असणाऱ्यांना मत नसतं. हे तुम्हाला आवडणार नाही, मला माहीत आहे.

पगाराचं मात्र तुमचं बरोबर. तो संशोधनाने वाढत नाही.

खरी अडचण तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. डिमेन्शियामुळे ज्यांचं बोलणं थांबलं आहे, त्यांच्या वतीने लेक बोलते, आणि लेकीची काळजी म्हणजे आईचीच इच्छा असं नसतं. शिवाय चर्चेची बैठक सकाळी दहाला ठेवली, तर रात्रपाळी करून आलेल्या आम्ही तेव्हा झोपलेल्या असतो.