सीमेवरचा राऊटर

जावई ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे, ही बातमी सासरच्या गोतावळ्यात एकदा पसरली की रविवार आपला राहत नाही. मी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण शहापुरात आमचे चुलत सासरे एका पतसंस्थेचे चेअरमन आहेत, आणि त्यांच्या लेखी पगाराचं सॉफ्टवेअर, बिघडलेला मिक्सर आणि इंटरनेट हे सगळं एकाच खात्यात मोडतं.

पतसंस्थेतले कॉम्प्युटर आजवर आपापसात सुखानं नांदत होते. बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता, म्हणून भांडणही नव्हतं. मग हिशेब ऑनलाइन न्यायचा ठराव झाला, आणि आतलं जाळं बाहेर जोडायला सीमेवर एक राऊटर आला. तो बसवणाऱ्या पोरानं सगळं चालू करून दाखवलं, चहा घेतला आणि गेला. नंतर एका पावसात लाइट गेली. परत आली तेव्हा राऊटर कोरा करकरीत. पोरानं दिलेल्या आज्ञा तात्पुरत्या स्मृतीत होत्या. त्या कायमच्या स्मृतीत उतरवायला एक ओळ टाकावी लागते, ती राहिली होती. आता तो पोरगा फोन उचलत नव्हता. मी उचलला.

“त्यात काय गा, वायर खुपसायची की,” काका म्हणाले.

वायर खुपसली. इंटरनेट कंपनीच्या मोडेमकडून राऊटरच्या बाहेरच्या दाराला आकडी पत्ता (आयपी) मिळाला: १९२.१६८.१ नं सुरू होणारा. आतल्या दाराला पतसंस्थेचा जुना पत्ता द्यायला गेलो, तर तोही १९२.१६८.१ चाच. राऊटरनं तिथंच हात वर केले: हा प्रदेश दुसऱ्या बाजूच्या प्रदेशावर चढतोय, मंजूर नाही.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. आत आणि बाहेर, दोघांचाही एकाच भूभागावर दावा! १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आम्ही जे भोगतोय, ते या डबड्याला पहिल्या मिनिटात कळलं होतं. फरक एवढाच की त्यानं आयोग नेमला नाही. सरळ नकार दिला.

खरं तर यात कोणाचा डाव नसतो. खासगी जाळ्यांसाठी म्हणून काही पत्ते १९९४ पासून राखून ठेवलेत. ते कोणीही, कितीही ठिकाणी वापरावेत. त्यातला १९२.१६८.१ हाच गट कित्येक उपकरणांत कारखान्यातूनच भरून येतो. वेगवेगळ्या घरांत असले तर कोणाचं काही बिघडत नाही. भेट सीमेवर झाली की बिघडतं.

मोडेमचा पत्ता बदलला असता तर प्रश्न मिटला असता, पण त्याचा पासवर्ड कंपनीच्या ताब्यात. कस्टमर केअरला फोन लावला. कन्नड, हिंदी, इंग्रजी असे पर्याय वाचून झाले. आपला आकडा काही आला नाही. शेवटी कंपनीचा माणूस आला. मोडेमवरचा हिरवा दिवा त्यानं बोटानं दाखवला, “नम्म कडेइंद एल्ला सरी ऐती, सार,” म्हणाला आणि हेल्मेट घालून गेला. त्याच्या बाजूनं सगळं ठीक होतं. सीमेवर नेहमीच प्रत्येकाच्या बाजूनं सगळं ठीक असतं.

म्हणजे हलायचं ते आपणच. आतल्या सगळ्यांना १९२.१६८.५० मध्ये स्थलांतरित करायचं ठरवलं. कॉम्प्युटर गुमान गेले. हजेरीचं मशीन कुरकुरत गेलं. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर मात्र हटेना. त्याचा पत्ता कोणीतरी हातानं ठोकून ठेवलेला, आणि पासवर्ड ज्या क्लार्कला ठाऊक होता तो निवृत्त होऊन गावी, खानापूर तालुक्यात, जिथं रेंज यायला टेकडी चढावी लागते. संध्याकाळी त्याचा फोन आला. पासवर्ड चेअरमनसाहेबांचं नाव होतं, शेवटी १२३. काकांनी खाकरून खिडकीबाहेर बघितलं. क्लार्कच्या निष्ठेचं कौतुक करावं की चिडावं, हे त्यांचं ठरेना.

पुढचं काम त्यामानानं सोपं. ज्या पत्त्याची वाट माहीत नाही ते सगळं मोडेमकडे ढकल, ही एक आज्ञा. आतलं दार कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे सांगणारी दुसरी, म्हणजे आतल्या सगळ्यांची कामं बाहेर एकाच पत्त्यावर जातात आणि कोणाचं उत्तर कोणाला द्यायचं याची वही राऊटर ठेवतो. ही काटकसर हौसेची नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि शिल्लक साठ्यातले शेवटचे गट २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपले. मग ती विसरलेली एक ओळ टाकली, मुद्दाम लाइटचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. राऊटर शुद्धीवर आला, सगळं लक्षात ठेवून.

काकांनी पहिल्यांदा काय उघडलं असेल? हवामान. बाहेर शहापुरात पाऊस कौलं फोडत होता आणि पडद्यावर स्वच्छ ऊन. वर ठळक अक्षरांत: बेंगळुरू.

“हे काय?”

मी सांगितलं, बाहेरचा पत्ता कंपनीचा, कंपनीची नोंद बेंगळुरूला, म्हणून जगाला आपण तिथंच दिसतो.

“पाचशे किलोमीटरवर? आम्हाला न विचारता?” काका खुर्चीतून उठले. “बदलून घे.”

“माझ्या हातात नाही, काका. ते पत्त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडं असतं.”

काकूंनी माझ्या हातात कुंद्याचा डबा ठेवला. मजुरी चुकती झाली. काका तोवर ड्रॉवरमधून पतसंस्थेचं लेटरहेड काढून बसले होते.

“अर्ज कोणाच्या नावानं करायचा सांग. आणि मराठीत घेतात का, ते आधी विचार.”