नव्वद दिवस कसे मोजावेत

जनरलसाहेब टीव्हीवर येतात, 'नव्वद दिवसांत निवडणूक घेतो' म्हणतात, आणि तुम्ही लगेच पेन घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारायला लागता. इथेच तुमचं चुकतं. कॅलेंडर हे दुधाचा हिशेब आणि गॅस कधी लावला ते लिहायला असतं. नव्वद म्हणजे एकोणनव्वदच्या पुढचा आकडा, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. पण तुमच्या मास्तरांनी कधी देश ताब्यात घेतला होता का?

मोजायचं कसं, ते पाकिस्तानात शिकावं. त्यातही जनरल झिया उल हक यांच्याकडून. साधा, विनम्र, उपद्रव न देणारा माणूस म्हणून पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी १९७६ मध्ये ज्येष्ठांना डावलून त्यांना लष्करप्रमुख केलं. ५ जुलै १९७७ च्या पहाटे या साध्या माणसाने भुट्टोंनाच ताब्यात घेतलं. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन फेअर प्ले'. नावातच सचोटी असताना पुढे शंका काढणाऱ्या माणसाचं मनच मुळात काळं असतं, हे लक्षात ठेवा.

त्याआधी मार्चमध्ये भुट्टोंनी निवडणूक घेतली होती. त्यात घोटाळा झाला म्हणून नऊ पक्षांची आघाडी रस्त्यावर उतरली, माणसं मेली, आणि वाटाघाटी जवळपास जमल्या असताना जनरल आले. त्याच मार्चमध्ये आपल्याकडे आणीबाणीत वर्षभर पुढे ढकललेली निवडणूक एकदाची झाली आणि ज्या बाईंनी ती घेतली त्या घरी गेल्या. सीमेपलीकडून हे पाहणाऱ्या हुशार माणसाने काय धडा घेतला असेल, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तर जनरल म्हणाले, मला राजकारणात रस नाही, नव्वद दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, निवडणूक घेतो आणि बराकीत परत जातो. तारीखही ठरली, १८ ऑक्टोबर. तुमच्यासारख्या संशयी माणसाने बोटांवर मोजलं असतं तर ५ जुलैपासून १८ ऑक्टोबरपर्यंत १०५ दिवस भरले असते. म्हणजे नव्वदमध्ये पहिल्या दिवसापासूनच पंधरा जास्तीचे घातलेले. आपल्या पंचांगात अधिक मास चालतो, मग त्यांच्या नव्वदात अधिक पंधरवडा का चालू नये?

१ ऑक्टोबरला निवडणूक पुढे गेली. त्या काळची घोषणाच होती, 'पहले एहतेसाब, फिर इंतिखाब', म्हणजे आधीच्यांचा हिशेब चुकता होऊ दे, मग निवडणूक. तुमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाटी असते ना, 'आज रोख, उद्या उधार'? तिच्यात एक अक्षर खोटं नाही. तुम्ही आज जाऊन भांडता, हा दोष तुमचा.

तुम्ही म्हणाल, कोर्टात जाऊ. गेले होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'गरजेचा सिद्धान्त' (म्हणजे गरज पडली तर बेकायदाही चालतं) लावून लष्करी राजवट वैध ठरवली. आपल्याकडे गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तिकडे गरजवंताला घटना दुरुस्त करण्याचा अधिकारही मिळाला.

मग नवी तारीख आली, १७ नोव्हेंबर १९७९. मधल्या काळात जनरल राष्ट्राध्यक्षही झाले होते, आणि ४ एप्रिलला भुट्टोंना रावळपिंडीच्या तुरुंगात फाशी दिली गेली. आता कुणाची भीती उरली, असं तुम्ही विचाराल. मतदारांची उरली. सप्टेंबरमध्ये पक्षांची नावं वगळून स्थानिक निवडणुका घेतल्या, तर भुट्टोंच्या पक्षाची माणसं 'अवाम दोस्त', म्हणजे जनतेचे मित्र, या नावाने निवडून आली. महिन्याभरात, १६ ऑक्टोबरला, निवडणूक बेमुदत पुढे गेली, पक्षांवर बंदी आली, आणि वर्तमानपत्रं छापण्याआधी तपासली जाऊ लागली. कापलेल्या बातमीच्या जागी कोरा चौकोन दिसायचा. अशा चौकोनाकडे टक लावून बघत बसू नये. दुधाचा हिशेब तिथेही लिहिता येतो.

झियांचं एक पद होतं चीफ मार्शल लॉ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, थोडक्यात सीएमएलए. लोकांनी त्याचा विस्तार केला 'कॅन्सल माय लास्ट अनाउन्समेंट', म्हणजे मागची घोषणा रद्द समजा. असा विनोद सांगायचाच असेल तर घरात, मिक्सर चालू करून सांगावा. पाहुणे बसले असतील तर चटणीचं निमित्त करावं.

वाट पाहताना कसं वागावं, हे शिकायला थोडं पूर्वेकडेही जाऊन या. बँकॉकमध्ये मे २०१४ मध्ये जनरल प्रयुत चान-ओचा आले. त्यांनी तर लोकांसाठी गाणं काढलं आणि त्यात थोडाच वेळ मागितला. पाच किंवा त्याहून जास्त माणसं राजकारणासाठी जमायची नाहीत असा हुकूम होता, म्हणून काही पोरं निषेध म्हणून चौकात नुसती सँडविच खायला लागली. त्यांनाही उचललं. तेव्हा भूक लागली तर घरी येऊन पोळी-भाजी खा. निवडणुकीची तारीख दर वर्षी पुढच्या वर्षात जात राहिली आणि मतदान झालं २४ मार्च २०१९ ला. थोडाच वेळ, म्हणजे पाचाला दोन महिने कमी.

म्यानमारचे जनरल मिन आंग ह्लाइंग मात्र मला अगदी आपल्यातले वाटतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी वर्षभराची आणीबाणी लावली, आणि मग दर वेळी सहा महिने, सहा महिने अशी सात वेळा वाढवली. सरकारी काम, सहा महिने थांब! ही म्हण यांगूनपर्यंत कुणी पोचवली कोण जाणे. मंडालेच्या तुरुंगात टिळक सहा वर्षं होते, पण त्यांच्यावर हा आळ नको. निवडणूक डिसेंबर २०२५ च्या अखेरीस, टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मागची जिंकलेला पक्ष तोवर बरखास्त झाला होता, आणि निवडणुकीत अडथळा आणणाऱ्यासाठी खास कायदा तयार होता. त्यात निवडणुकीविरुद्ध बोलणंही आलं. म्हणजे निवडणूक होत नाही म्हणून कुरकुर करायची सोय नव्हतीच. मग ती होतेय म्हणून कुरकुर केली तरी तुरुंग. फेसबुकवर हात आवरा. 'शुभेच्छा' एवढंच लिहा, आणि तेही लिहिलंच पाहिजे असं नाही.

परत रावळपिंडीला येऊ, कारण मोजणी अर्धवट राहिली आहे. १९ डिसेंबर १९८४ ला जनरलनी जनतेचा कौल घेतला. प्रश्न लांबलचक होता. त्याचा अर्थ एवढाच, की देशातले कायदे इस्लामला अनुसरून करण्याचं जे काम चाललंय ते तुम्हाला मान्य आहे का? 'हो' म्हटलं की झिया पाच वर्षं राष्ट्राध्यक्ष. समजा, कुणी तुम्हाला विचारलं, तुमचं आईवर प्रेम आहे का, आणि हो म्हणालात तर समोरचे काका पाच वर्षं तुमच्या हॉलमध्ये झोपायला येतील, तर तुम्ही काय म्हणाल? सरकारी आकड्यानुसार ९७ टक्क्यांहून जास्त लोकांचं आईवर प्रेम निघालं. मतदान केंद्रं ओस होती असं म्हणणारे होते, पण तुम्ही त्यांच्याशी बोलू नका.

फेब्रुवारी १९८५ मध्ये पक्षांविना निवडणूक झाली. मोहम्मद खान जुनेजो पंतप्रधान झाले आणि हळूहळू स्वतःला खरंच पंतप्रधान समजू लागले. असा गैरसमज फार दिवस ठेवता येत नाही. २९ मे १९८८ ला ते घरी गेले, संसद बरखास्त झाली, आणि जनरलनी वचन दिलं की निवडणूक होईल.

किती दिवसांत?

नव्वद!

अकरा वर्षांत आकडा बदलला नाही, याला म्हणतात शब्दाचा पक्का माणूस. जुलैमध्ये तारीख जाहीर झाली १६ नोव्हेंबर, म्हणजे १७१ वा दिवस. संशयी लोकांनी पुन्हा बोटांवर मोजलं. ही तारीख पुढे जाणार नाही, यावर तर कुणी पैजही लावायला तयार नव्हतं.

तारीख पुढे गेली नाही. १७ ऑगस्टला बहावलपूरजवळ लष्करी विमान कोसळलं, आत झिया होते. १६ नोव्हेंबरला मतदान झालं, पक्षांच्या नावानिशी झालं, आणि भुट्टोंची मुलगी पंतप्रधान झाली.

आता हवं तर कॅलेंडर काढा. ५ जुलै १९७७ ते १६ नोव्हेंबर १९८८, एकूण ४१५२ दिवस. नव्वदने भागलं तर सेहेचाळीस वेळा भाग जातो आणि बारा उरतात. त्या बाराचं काय करायचं असतं, ते तुमच्या गुरुजींना विचारा.